टाकी खाली गेल्यावर

मोटारसायकलचे इंजिन चारचाकी सांगाड्यात बसवायचे ठरले की सगळ्यांचे लक्ष आधी चेनकडे जाते, मग गिअरच्या दांड्याकडे, मग रेडिएटर कुठे ठेवायचा याकडे. इंधनाची आठवण शेवटच्या आठवड्यात होते. उरलेल्या जागेत टाकी कोंबली जाते, हाताशी येईल तो पंप लावला जातो, दुकानात मीटरवर मिळणारी पारदर्शक नळी दोन्ही टोकांना चढवून वरून तार आवळली जाते. इंजिन सुरू होते, टाळ्या पडतात, आणि पहिल्याच लांब वळणावर गाडी झटके देत बंद पडते. कधी त्याहून वाईट घडते: निसटलेल्या नळीतले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर पडते. इंधनव्यवस्थेवरची ही पुस्तिका त्या शेवटच्या आठवड्यासाठी लिहिलेली नाही. सांगाड्याचा पहिला पाईप कापण्याआधी ती वाचावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बाइकवर इंधनाचा प्रश्न जाणवत नाही, कारण तो उंचीने सोडवलेला असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉक उघडला की पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि फ्लोटच्या वाटीत साचते. वाटी भरली की फ्लोट वर येऊन सुई आपल्या जागी दाबतो आणि आवक थांबते. टाकीतली पातळी वाटीपासून ३० सेंटिमीटर उंच धरली, तर सुईवर येणारा दाब जेमतेम ०.०२ बार भरतो. एवढ्या दाबावर आपल्याकडच्या लाखो मोटारसायकली वर्षानुवर्षे धावल्या. त्यांच्या इंधनाच्या वाटेवर मोटर नव्हती, वायर नव्हती, रिले नव्हता.

दुसरे एक काम बाइकचा झुकाव करतो, आणि ते तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते. वळणात बाइक आत झुकते. त्या क्षणी पृथ्वीची ओढ आणि वळणाची बाहेरची ओढ मिळून जी दिशा होते, ती बाइकच्या उभ्या रेषेशी जवळपास जुळते. त्यामुळे टाकीतले पेट्रोल टाकीच्या तळाशीच राहते, आणि इंजिनातले ऑइल ऑइलपंपाच्या तोंडाशीच राहते. चारचाकी मात्र वळणात अशी झुकत नाही. आंबा घाटात एसटीमध्ये पाण्याने भरलेला तांब्या हातात धरून उभे राहिले की पाणी कोणत्या काठावर चढते ते कळते. गाडीच्या टाकीत तेच होते. चांगल्या टायरांच्या हलक्या गाडीला वळणात पृथ्वीच्या ओढीइतकीच आडवी ओढ सहज बसते. तेव्हा टाकीतला पेट्रोलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. टाकी निम्मी भरलेली असली तरी तळाच्या एका कोपऱ्यात, नेमकी जिथे पंपाची जाळी आहे तिथे, नुसती हवा असू शकते.

इंजिन उचलून दुसऱ्या सांगाड्यात ठेवताना आपण धातू आणतो; उंची आणि झुकाव बाइकपाशीच राहतात. ती दोन कामे आता दुसऱ्या कोणाला तरी नेमून द्यावी लागतात. पहिले फ्युएल पंपाकडे जाते, दुसरे टाकीतल्या पडद्यांकडे किंवा स्वर्ल पॉट नावाच्या छोट्या भांड्याकडे. पंप म्हणजे विकत आणून नटबोल्टने आवळायची वस्तू आहे, या समजुतीतून बाहेर यायचे असेल तर ही वाटणी आधी मनात पक्की व्हायला हवी. तसे झाले की कोणता पंप, किती दाबाचा, कुठे, कोणत्या तारेवर, हे पुढचे प्रश्न आपोआप नीट विचारले जातात.

बाइकचे इंजिन चारचाकीत ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी ५०० सीसीचे मोटारसायकल इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवून चेनवर चालणाऱ्या छोट्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या. स्टर्लिंग मॉस यांची सुरुवात अशाच कूपरमधून झाली. इंजिन पाठीमागे ठेवण्याची त्यांची सवय पुढे थेट फॉर्म्युला वनपर्यंत गेली आणि १९५९ मध्ये जॅक ब्राभम कूपरमधूनच जगज्जेता झाला. १९५७ ची लोटस सेव्हन आणि तिच्या धर्तीवर घरोघरी बांधल्या गेलेल्या किट कार यांनी सामान्य माणसाला गॅरेजमध्ये गाडी उभी करण्याचे धाडस दिले. जपानी चार सिलिंडरची, मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेणारी इंजिने अपघातात मोडलेल्या बाइकमधून स्वस्तात मिळू लागली, तेव्हा तीच इंजिने या गाड्यांत शिरली. हलके इंजिन, त्यातच क्लच, त्यातच गिअरबॉक्स. मोह होणे साहजिक होते.

आपल्याकडे हा मोह वेगळ्या वाटांनी आला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९५० च्या आसपासपासून सत्तरच्या दशकापर्यंत 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीची एकामागून एक प्रारूपे केली. कारखाना काही उभा राहिला नाही, पण कमी शिकलेला माणूस स्वतःच्या हातांनी पूर्ण मोटार घडवू शकतो, हे त्यांनी दाखवून ठेवले. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून सुमारे साठ हजार रुपयांत दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांना मिळाली. आणि कारखान्याच्या पातळीवर पाहायचे तर बजाज ऑटोने वाळूजला बनवलेली क्यूट आहे. मोटारसायकलच्या घराण्यातले २१६.६ सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन तिच्यात मागे बसवले आहे. २०१९ मध्ये ती महाराष्ट्रात विक्रीला आली. बाइकच्या जातीचे इंजिन चार चाकांवर, कायद्याच्या चौकटीत, नीट दाबाच्या इंधनव्यवस्थेसह कसे बसते हे पाहायचे असेल त्याने क्यूटखाली एकदा जरूर वाकून पाहावे.

पण आज हे काम सर्वांत जास्त कोणी करत असेल तर ती अभियांत्रिकीची मुले. अमेरिकेत १९८१ मध्ये सुरू झालेली फॉर्म्युला एसएई स्पर्धा आपल्याकडे सुप्रा आणि फॉर्म्युला भारत या नावांनी रुजली. फॉर्म्युला भारत कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर होते. नियम असा, की इंजिन चार स्ट्रोकचे आणि ७१० सीसीपर्यंतचे, आणि त्यात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एका छिद्रातून जायला हवी. या मोजमापात बाइकचेच इंजिन बसते. मुंबईच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग इंडिया हा संघ याच वाटेने परदेशातल्या स्पर्धांपर्यंत गेला. पुढे चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम ३९० चे ३७३ सीसीचे इंजिन अनेक संघांच्या हाती आले. हलके, ताकदवान, आणि मुख्य म्हणजे सुटे भाग जवळच मिळणारे. या इंजिनात इंजेक्शन आहे, म्हणजे पंपाचा प्रश्न आता उंचीपुरता राहिलेला नाही, दाबाचाही झाला आहे.

इथे रत्नागिरीतल्या मांडवीबद्दल थोडे बोलतो. या पुस्तिकेला मांडवीत बसून प्रस्तावना लिहिणे मला फार योग्य वाटते. इथल्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या लहान होड्यांना मागच्या फळीवर आउटबोर्ड मशीन असते. टाकी होडीच्या तळाशी, मशीन तिच्याहून उंच. म्हणजे आपलाच प्रश्न. नळीच्या मधोमध एक रबरी फुगा असतो. मशीन सुरू करण्याआधी तो हाताने दाबायचा. आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असल्याने पेट्रोल वर चढत जाते, आणि फुगा घट्ट लागला की वाट भरली असे समजायचे. मशीन चालू झाले की क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर हलणारा एक पातळ पडदा पुढचे काम हाती घेतो. पलीकडे मिरकरवाड्याच्या बंदरात डिझेलच्या मोठ्या बोटी लागतात. तिथले मशीनवाले नळीत हवा शिरली तर कुठला नट ढिला करून 'एअर काढायची', किती फेस जाईपर्यंत थांबायचे, हे अंधारातही करू शकतात. इंधनाच्या वाटेत हवा नको, वाट कुठे ओलसर दिसता कामा नये, आणि बंद पडलेले मशीन समुद्रात जीवावर बेतते, या तीनही गोष्टींचे ज्ञान या किनाऱ्यावर पिढ्यांचे आहे. रत्नागिरीचे शासकीय तंत्रनिकेतन, आयटीआय, फिनोलेक्स अकादमी, देवरुखजवळ आंबवचे राजेंद्र माने महाविद्यालय, इथल्या मुलांनी पंप बसवण्याआधी एक सकाळ बंदरावर काढावी. कागदावरच्या आकृतीत जे बाण दिसतात त्यांचा अर्थ तिथे हाताला लागतो.

आता मूळ विषयाकडे. पहिला निर्णय दाबाचा. कार्ब्युरेटरची सुई साधारण ०.१५ ते ०.२ बार दाब झेलते. त्याहून जास्त झाला की पेट्रोल सुईला ढकलून आत शिरते, वाटी ओसंडते, प्लग ओला होतो, आणि सांडलेले पेट्रोल इंजिनावर येते. इंजेक्शनला लागतो साधारण ३ बार, म्हणजे गुरुत्वावर चालणाऱ्या बाइकच्या शंभरपटीहून जास्त. भंगारात मिळालेला मारुतीच्या एमपीएफआय (इंजेक्शनच्या) गाडीच्या टाकीतला पंप जुन्या पल्सरच्या कार्ब्युरेटरला लावण्याचा मोह अनेकांना होतो, कारण पंप चालू दिसतो आणि स्वस्त मिळतो. तसे करू नये. कार्ब्युरेटरला कमी दाबाचा पंप आणि त्यापुढे दाब नेमका ठेवणारा रेग्युलेटर, इंजेक्शनला इंजेक्शनचाच पंप. आणि दाब गेजवर पाहावा, अंदाजावर सोडू नये.

किती पेट्रोल लागते, याचा हिशेब मात्र मुलांना उगाच घाबरवतो. एका किलोवॉट-तासाला ३०० ते ३५० ग्रॅम पेट्रोल धरले, तर ३२ किलोवॉटच्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर तासाला १० ते ११ किलो, म्हणजे १३ ते १५ लिटर पुरते. बाइकचा मूळ पंप याहून कितीतरी जास्त देतो. सेकंदाला चार मिलिलिटर, इतकीच इंजिनाची मागणी. अडचण प्रमाणात नसते, सलगपणात असते. मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर एका सिलिंडरचे इंजिन सेकंदाला ६७ वेळा पेटते. अर्धा सेकंद हवा ओढली गेली तर तीसहून जास्त ठिणग्या अपुऱ्या पेट्रोलवर पडतात. त्या वेळी मिश्रण पातळ होते, ठोका बसतो, पिस्टनचे डोके तापते. चालकाला फक्त एक झटका जाणवतो. पिस्टनवर त्याची खूण राहते.

म्हणून स्वर्ल पॉट. पाऊण ते एक लिटरचे छोटे उभे भांडे. टाकीतून कमी दाबाचा पंप त्यात सतत पेट्रोल भरत राहतो, जास्तीचे वरच्या नळीने टाकीत परत जाते, आणि जास्त दाबाचा पंप भांड्याच्या तळातून इंजिनाला देतो. वळणात पहिल्या पंपाने थोडी हवा ओढली तरी ती भांड्यात वर जाते, तळ भरलेला राहतो. अर्धा लिटर पेट्रोल आपल्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर दोन मिनिटे पुरते. एवढे लांब वळण कुठल्याही ट्रॅकवर नाही. जागा नसेल तर टाकीतच तळाशी खोलगट खण करून त्याभोवती पडदे उभे करता येतात, म्हणजे पेट्रोल आत येते पण बाहेर पळत नाही.

पुस्तिकेच्या लेखकाशी माझा एका मुद्द्यावर मतभेद आहे, तो इथेच नोंदवतो. ते बाहेरच्या पंपाला पसंती देतात, कारण तो दिसतो, काढता येतो, बदलता येतो. मला टाकीतला पंपच जास्त भरवशाचा वाटतो. विजेचा पंप ढकलण्यात तरबेज असतो, ओढण्यात कच्चा. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांवरच उकळू लागतात. मे महिन्यात रत्नागिरीत दुपारी इंजिनाशेजारची हवा त्याच्या कितीतरी पुढे असते. नळीत वाफ झाली की पंप नुसता घुमतो. पेट्रोलमध्ये बुडालेल्या पंपाला ओढावे लागत नाही, आणि त्याची मोटर त्याच पेट्रोलने थंड राहते. मोटर पेट्रोलमध्ये बुडालेली असूनही पेट घेत नाही, कारण आत पेटायला लागणारी हवाच नसते. बाहेरचाच पंप लावायचा असेल तर तो टाकीच्या तळाहून खाली, टाकीजवळ, आणि एक्झॉस्टपासून जमेल तितका दूर असावा. इंजिनाशेजारी कधीही नको. एक गोष्ट मात्र लेखकाने अचूक पकडली आहे. बाइकचा मूळ पंप टाकीत खालून बसवलेला असतो. तो नव्या टाकीत वरून उलटा लटकवला तर त्याची जाळी वर जाते आणि पेट्रोल असूनही पंप कोरडा राहतो. मूळ टाकीच्या तळाचा गोल तुकडा कापून, टाकी पूर्ण धुऊन-वाळवून, तो नव्या टाकीच्या तळाला तसाच वेल्ड करून घेणे हा बऱ्याच संघांनी वापरलेला आणि चांगला मार्ग आहे. न धुतलेल्या टाकीला वेल्डिंग लावू नये, हे मी दरवर्षी सांगतो आणि सांगत राहीन.

नळीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आग बहुतेक वेळा तिथून येते. मीटरवर मिळणारी पारदर्शक प्लास्टिक नळी पेट्रोलने काही महिन्यांत कडक होते आणि तोंडाशी चिरते. साधी रबरी नळी ३ बार दाबासाठी नसते. इंजेक्शनच्या दाबासाठी वेगळी, आतून थर दिलेली नळी मिळते, तीच घ्यावी. फॉर्म्युला स्पर्धांच्या नियमांत प्लास्टिकच्या नळ्यांना बंदीच आहे. तारेने आवळणे म्हणजे नळी कापणे. कड नळीत रुतणार नाही असे, पट्टी सलग असणारे क्लॅम्प वापरावेत. सांगाड्यातून जाताना नळी धातूच्या कडेवर घासणार नाही असे रबरी घेर घालावेत. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर आले, आणि त्यातले काही इथेनॉल आपल्याच राज्यातल्या साखर कारखान्यांतून येते. जुन्या कार्ब्युरेटरच्या बाइकमधल्या रबराला हे पेट्रोल मानवत नाही. ओ-रिंग फुगतात, नळ्या मऊ पडतात. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढते. तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर अर्धी रिकामी टाकी जून ते सप्टेंबर तशीच ठेवली, तर पाणी आणि इथेनॉलचा थर तळाशी बसू शकतो, आणि पंपाची जाळीही तळाशीच असते. गाडी पावसाळ्यात उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

खाऱ्या वाऱ्याचा दुसरा बळी म्हणजे वायरिंग. पंपाचा कपलर महिन्याभरात हिरवा पडतो, सांगाड्याला दिलेली अर्थिंग गंजते, पंपाला बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज पोचत नाही आणि दाब पडतो. मग इंजेक्टर बदलले जातात, सेन्सर बदलले जातात, आणि दोष त्या एका गंजलेल्या नटाखाली असतो. पंपाची अर्थिंग बॅटरीपर्यंत स्वतंत्र वायरने न्यावी, कपलर पाणी न शिरणारे असावेत.

पण वायरिंगमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. बाइकचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, चावी फिरवली की पंप दोनेक सेकंद चालवतो, दाब भरतो आणि थांबतो. इंजिन फिरते आहे असा संकेत मिळाला तरच तो पुन्हा चालू करतो. ही सुविधा नाही, ते सुरक्षेचे कलम आहे. इंजिन बंद पडले तर पंपही बंद. घाईत पंप थेट चावीला जोडला तर गाडी उलटली, नळी तुटली, इंजिन थांबले, तरी चावी चालू असेपर्यंत पंप तापलेल्या लोखंडावर पेट्रोल ओतत राहतो. पंप रिलेवर, रिले ईसीयूच्या हुकमावर, मध्ये योग्य फ्यूज, आणि धक्का बसताच तोडणारा इनर्शिया स्विच. फॉर्म्युला स्पर्धांत बंद करण्याचे बटण दाबले किंवा ब्रेक पेडल मर्यादेबाहेर खाली गेले, यांपैकी काहीही घडले की इग्निशनबरोबर पंपही बंद झालाच पाहिजे, हा नियम त्यासाठी आहे. गाडी ६० अंशांपर्यंत कलती करून एक थेंबही गळत नाही, हे दाखवल्याशिवाय ती ट्रॅकवर उतरू दिली जात नाही. मुलांना ही तपासणी जाच वाटते. मला ती स्पर्धेतला सर्वांत चांगला भाग वाटतो.

याच ठिकाणी बाइकचा झुकाव पुन्हा समोर येतो. अनेक बाइकवर पडल्याची खूण ओळखणारा सेन्सर असतो. बाइक आडवी झाली की तो पंप आणि इग्निशन तोडतो. वळणात बाइक कितीही झुकली तरी तो फसत नाही, कारण दोन्ही ओढी मिळून तिच्या उभ्या रेषेतच असतात. तोच सेन्सर चारचाकीत बसवला की सपाट वळणातली आडवी ओढ त्याला गाडी पडल्यासारखी वाटू शकते, आणि भर वळणात इंजिन बंद पडते. तो नुसता बायपास करून मोकळे होणे हा मार्ग मला मान्य नाही. तो काढावा लागला तर त्याच्या जागी इनर्शिया स्विच येईपर्यंत गाडी हलवू नये.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल नोंदणी झालेल्या गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. नवी गाडी रस्त्यावर आणायची तर तिच्या प्रारूपाला पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या अधिकृत संस्थेची मान्यता लागते. देवराष्ट्र्याच्या गाडीबद्दलही महिंद्रांनी तेच म्हटले होते: नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती अडवली जाईल. त्यामुळे या पुस्तिकेतली गाडी ट्रॅकसाठी आणि बंद मैदानासाठी आहे. थिबा पॅलेसच्या रस्त्यावर किंवा मांडवीच्या जेटीवर ती फिरवायची नाही. नियम कोरडे वाटतात, पण लहान मुले, सायकली आणि रिक्षा जिथे आहेत तिथे स्वतः जोडलेली इंधनाची नळी नेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

स्पर्धांमधले संघ आता विजेच्या गाड्यांकडे वळत आहेत; आयआयटी मुंबईचा संघ तर बराच आधी वळला. मग पंप शिकून काय करायचे, असे मुले विचारतात. माझे उत्तर त्यांना पटते की नाही माहीत नाही, पण मी ते देतो: बीएस-६ या प्रदूषण मानकामुळे २०२० पासून आपल्याकडची नवी पेट्रोल दुचाकी बहुतेक इंजेक्शनची झाली आहे. पुढची कितीतरी वर्षे गावोगावच्या गॅरेजमध्ये त्याच येणार आहेत, आणि त्यांचा दाब गेजवर पाहून दोष सांगणारा माणूस अजून फार थोड्या ठिकाणी सापडतो. ज्या मुलाने एकदा रिकाम्या सांगाड्यात टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची वाट स्वतः आखली, त्याला हे काम येते.

पुस्तिकेत टाकी, पंप, नळी, वायरिंग आणि चाचणी अशी पाच प्रकरणे आहेत. चाचणीचे प्रकरण सर्वांत लहान आहे. दुसऱ्या आवृत्तीत ते वाढवावे, असे मी लेखकाला सुचवले आहे. तोपर्यंत माझी पद्धत इथे देतो. पहिल्यांदा पेट्रोल भरताना इंजिन थंड, बॅटरी सुटी, गाडी उघड्या जागी, हाताशी पावडरचे अग्निशामक. भरून झाल्यावर प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसून पाहायचा. मग बॅटरी जोडून चावी फिरवायची, दोन सेकंद पंप चालतो तो ऐकायचा, गेजवर दाब वाचायचा आणि चावी बंद करायची. पाच मिनिटांनी दाब किती उतरला ते लिहून ठेवायचे. पुन्हा कागद फिरवायचा. टाकीची हवेची नळी बोटाने बंद-उघड करून मोकळी आहे ना ते पाहायचे, कारण ती बंद असेल तर गाडी काही वेळ छान चालते आणि मग विनाकारण दम तोडते. रात्रभर गाडी तशीच ठेवून सकाळी खाली पुठ्ठ्यावर डाग आहे का ते बघायचे. डाग नसेल तरच इंजिन सुरू करायचे, आणि तेही एकट्याने नाही.

मांडवी, रत्नागिरी